मुंबई बंदरातले आगवाले

मराठीत ‘सिद्दी’ म्हटलं की डोळ्यांसमोर जंजिरा येतो. मुरूडच्या समुद्रातला तो किल्ला, त्यावरची कलाल बांगडी तोफ, आणि तो घेता न आल्याची मराठ्यांच्या मनातली सल. आपल्या बखरींनी, शाळेच्या पुस्तकांनी आणि कादंबऱ्यांनी सिद्दीला एकच काम दिलं आहे. किल्ल्यात बसायचं आणि शत्रू व्हायचं. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच वेढ्याच्या वेळी शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल फार थोड्यांना आठवतो.

मी लिहिणार आहे ते या दोघांबद्दलही नाही. मुंबई बंदरात आगबोटींच्या पोटात उभं राहून कोळसा ओढणाऱ्या सिद्दींबद्दल मला लिहायचं आहे.

निमित्त एका जाहिरातीचं. माझी भाची कॉम्प्युटर शिकते. तिने मला परदेशातल्या एका विद्यापीठाची जाहिरात पाठवली. अभ्यागत संशोधकांसाठी वर्षभराची फेलोशिप, विषय ‘वंश, तंत्रज्ञान आणि आफ्रिकी डायस्पोरा’. खाली तिचा प्रश्न होता, “मामू, हे तीन विषय एकत्र कसे काय? आणि यात आपल्या मुंबईचं काही असेल का?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आहे असं मी तिला कळवलं. ते नीट मांडून सांगायचं तर हा लेख लागतो.

‘सिद्दी’ हा शब्द बहुधा अरबी ‘सय्यदी’वरून आला, म्हणजे ‘माझे मालक’. ‘हबशी’ हबश देशावरून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूवरून. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठी कागदपत्रांत ‘हबसाण’ म्हणतात ते त्यावरूनच. पण मुंबईत आणि दख्खनेत आलेले सगळेच आफ्रिकी इथिओपियाचे नव्हते. पुढच्या काळात बरेच जण आजच्या टांझानिया, मोझांबिक, मलावी या भागातले होते. इथे आल्यावर सगळेच सिद्दी.

यांची नावं पाहा. अंबर, याकूत, मरजान, संबल, काफूर. अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य, याकूत म्हणजे माणिक, मरजान म्हणजे पोवळं, काफूर म्हणजे कापूर. ही गुलामांना द्यायची नावं होती. मालकाने वस्तूला द्यावं तसं नाव. मलिक अंबरचं जन्मनाव चापू होतं असं सांगतात. तो विकत विकत बगदादमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. त्याचा जमीनमहसूल आपण शाळेत शिकतो, आफ्रिका मात्र तिथे एका ओळीत आटोपते. ज्यांच्या नावाला पुढे ‘मलिक’ किंवा ‘खान’ लागलं त्यांचं नाव इतिहासात राहिलं. ज्यांच्या नावाला काहीच लागलं नाही ते मुबारक, फिरोज आणि जुमा मुंबईच्या गोदीत कामाला लागले.

मुंबईशी सिद्दींचं नातं मात्र युद्धातूनच सुरू झालं, हे मान्य करायला हवं. फेब्रुवारी १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाची फौज शिवडीला उतरली. आज अटल सेतू जिथून सुरू होतो तीच ही शिवडी. माझगाव, माहीम त्याच्या ताब्यात गेलं, इंग्रज कोटात कोंडले गेले. वर्षाहून अधिक काळ हा प्रकार चालला. अखेर कंपनीने औरंगजेबाकडे रदबदली केली, दीड लाख रुपये भरले, आणि जून १६९० मध्ये सिद्दी माघारी गेला. आजच्या परळ-शिवडीच्या पट्ट्यात आफ्रिकी वंशाच्या सरदाराचा अंमल होता हे तिथे राहणाऱ्या कुणाला सांगितलं तर तो चकित होतो. मीही त्या भागात बरीच वर्षं काढली. मोहरमच्या, गणपतीच्या, संपाच्या गोष्टी तिथे पुष्कळ ऐकल्या. ही कधी ऐकली नाही.

यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी यंत्र आलं.

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. ती मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली बांधलेली. कोळसा इतका लागणार होता की माणसांच्या राहण्याच्या जागेतही तो भरला होता. त्या वेळच्या वाफेच्या यंत्राची खरी अडचण इथेच दिसते. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळायचा. आगबोटीला कोळसा लागायचा, आणि कोळसा भट्टीत टाकायला माणूस लागायचा, दिवसरात्र, पाळीपाळीने. पुढे १८५० च्या दशकात पी अँड ओ कंपनीने मुंबई-सुएझ टपालाची फेरी सुरू केली, माझगावला तिची गोदी झाली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई बंदराची भरभराट झाली. ती भरभराट आपण कापसाच्या भावात आणि गिरण्यांच्या धुरांड्यांत मोजतो. आगबोटीच्या तळघरात कोण उभं होतं याचा हिशेब कुणी केला नाही.

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, डेकवरचे खलाशी. त्यांच्या तोंडी बोटीवरच्या हुद्द्यांची एक वेगळीच भाषा असायची. सारंग, टिंडेल, कसब, भंडारी ही वरची मंडळी. खाली यंत्राकडे तेलवाला, आगवाला आणि कोयलावाला. आजोबांच्या काळात खालची माणसं बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडची असत. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींत ही जागा मोठ्या प्रमाणात सिद्दींची होती. इंग्रजी आरमारात तर ‘सीडी’ हा अधिकृत हुद्दाच होता. मुंबई, एडन, झांजिबार या बंदरांतून भरती केलेल्या माणसाच्या पगारपत्रकावर त्याच्या जातीचं नाव कामाचं नाव म्हणून लिहिलेलं असे.

काम काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. कोयलावाला कोळशाच्या कोठारातून ढकलगाडीने कोळसा आणतो. बोट हलत असते, कोठारात अंधार असतो, वरचा ढिगारा कधी अंगावर येईल सांगता येत नाही. आगवाला भट्टीचं दार उघडतो, फावड्याने कोळसा आत नुसता टाकत नाही तर सारखा पसरतो, कारण एका जागी ढीग झाला तर वाफेचा दाब पडतो. मग लांब लोखंडी सळईने निखाऱ्यांवर जमलेली खंगराची पोळी फोडायची, राख ओढून काढायची, पाणी मारून ती वर पाठवायची, समुद्रात टाकायची. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात भट्टीसमोर पारा पन्नास अंशांच्या आसपास जायचा. हे अडाणी हमालाचं काम नव्हे. दाब किती, आग किती, कोळसा कुठला, हे हाताला कळावं लागतं. आगवाला चुकला तर बोट रेंगाळते, टपाल उशिरा पोचतं, कंपनीला दंड होतो.

आता वंशाचा प्रश्न. हे काम गोऱ्या माणसाला का नको आणि सिद्दीला का द्यायचं, याचं उत्तर कंपन्यांकडे आणि आरमाराकडे तयार होतं. आफ्रिकी माणसाचं शरीर मुळातच उष्णतेसाठी बनलेलं असतं. ही समजूत अहवालांत, प्रवासवर्णनांत, अधिकाऱ्यांच्या बोलण्यात इतक्या सहजपणे येते की ती कुणी तपासून पाहिली असेल असं वाटतच नाही. तपासायला नकाशा पुरे होता. हबश म्हणजे उंच पठाराचा देश. अदिस अबाबा महाबळेश्वरापेक्षा सुमारे हजार मीटर उंचावर आहे, तिथली हवा पुण्याहून गार. न्यासा सरोवराभोवतीचा याओ लोकांचा मुलूखही बराचसा डोंगराळ. तिथून धरून आणलेल्या पोराला तांबड्या समुद्रातली भट्टी मानवते, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

ते शास्त्र नव्हतं, हिशेब होता. उष्णता सोसायची ताकद ‘जन्मजात’ ठरवली की तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. तिला कौशल्य म्हणावं लागत नाही. हवेशीर भट्टीघर बांधायचा खर्चही टळतो. एकदा यंत्राची रचना या समजुतीवर झाली की ती समजूत लोखंडात उतरते. मग यंत्राकडे पाहून लोक म्हणतात, पाहा, इथे सिद्दीच टिकतो. ‘वंश आणि तंत्रज्ञान’ या जोडीचा अर्थ मला तरी एवढाच कळतो, आणि तो मला माझगावच्या गोदीपेक्षा स्पष्ट दुसरीकडे दिसलेला नाही.

ही माणसं मुंबईत आली कशी? काही गुलाम म्हणून, गलबतांतून. काही स्वतंत्र खलाशी म्हणून. आणि काही ‘सोडवलेले’ म्हणून. इंग्रजी आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडायचं आणि त्यांतल्या अनेकांना मुंबईत उतरवायचं. इथे त्यांची व्यवस्था पोलीस आयुक्तांकडे असे. मुलं मिशनऱ्यांकडे, घरांत, किंवा आरमारात वाटली जात. एक गोष्ट आपण मुसलमानांनी इथे गिळून टाकू नये. ती गलबतं अरबांची होती, कच्छ-काठेवाडच्या व्यापाऱ्यांचा त्यात पैसा होता, आणि विकत घेणाऱ्या घरांत मुसलमान घरं होती. हजरत बिलाल हबशी होते हे आपण अभिमानाने सांगतो. काळ्या रंगाच्या माणसाला हिणवायला ‘हबशी’ हाच शब्द आपल्या मोहल्ल्यांत वापरला जातो, हे सांगत नाही.

मिशनऱ्यांकडे गेलेल्या मुलांची गोष्ट नाशिकला जाते. नाशिकजवळ शरणपूर इथे चर्च मिशनरी सोसायटीने आफ्रिकी मुलांसाठी आश्रम काढला. तिथे बायबलाबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवत. म्हणजे यंत्रयुगाला लागणारे हात तिथेही तयार होत होते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट स्वतः चालवत झांजिबारहून ४५ दिवसांत मुंबईला आला. सोबत मूठभर आफ्रिकी माणसं होती, बरीचशी समुद्र न पाहिलेली. त्यांतला चुमा नावाचा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला, सुसी गोदीत कामाला लागला. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता बार्टल फ्रिअर, गव्हर्नराचा बंगला परळला. आज तिथे हाफकिन संस्था आहे. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन परत आफ्रिकेकडे निघाला तेव्हा चुमा आणि सुसी होतेच, शिवाय शरणपूरची नऊ मुलं होती.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात मेला. चुमा आणि सुसीच्या पुढाकाराने त्या माणसांनी त्याचं प्रेत वाळवलं, गुंडाळलं आणि हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्याला आणलं. त्याच्या दफनाची प्रार्थना वाचून झाडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट हा शरणपुरात शिकलेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. मुंबईच्या गोदीत आणि नाशिकच्या आश्रमात घडलेल्या या लोकांना इंग्रजी इतिहासात ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात. मराठीत त्यांना नाव नाही.

सिद्दी मुबारक बॉम्बे तर आडनावातच मुंबई घेऊन फिरला. याओ मुलखातून लहानपणी पकडला गेला, कापडाच्या मोबदल्यात विकला गेला, पश्चिम भारतात वाढला, मालक मेल्यावर मोकळा होऊन आफ्रिकेत परतला. बर्टन, स्पीक, ग्रँट, स्टॅनली, कॅमेरॉन, सगळ्यांच्या मोहिमा त्याच्या भरवशावर झाल्या. बर्टन आणि स्पीक दोघेही हिंदुस्थानातल्या कंपनीच्या फौजेतले. १८५७ पासून पूर्व आफ्रिकेतल्या जंगलात हे गोरे आणि हा याओ माणूस एकमेकांशी हिंदुस्थानीत बोलत होते. १८५८ मध्ये स्पीक व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी उभा राहिला तेव्हाही मुबारक सोबत होता. नाईलच्या उगमाची चर्चा आपल्या मोहल्ल्यातल्या बोलीत झाली, असं म्हणायला हरकत नाही.

मुंबईत राहिलेल्यांची वस्ती डोंगरी भागात होती. एस. एम. एडवर्ड्‌स हा मुंबईचा पोलीस आयुक्त झालेला अधिकारी. त्याच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ च्या पुस्तकात मुंबईच्या सिद्दींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात त्यांचा नाच आहे, ढोल आहेत. लेखकाची नजर साहेबाची आहे, गंमत पाहायला आलेल्याची. तरी त्या काळच्या मुंबईतल्या सिद्दींचं इतकं जवळून केलेलं वर्णन मराठीत माझ्या वाचनात नाही. गुजरातेत सिद्दींच्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या ‘न्गोमा’चाच तो शब्द.

पुढे आगबोटींत सिद्दींच्या जागी इतर आले, मग कोळशाच्या जागी तेल आलं आणि आगवाल्याचं कामच कमी झालं. वस्ती विरली. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराचं नशीब वेगळं निघालं. त्याला अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे मिळाले, युनियन मिळाली, आणि गिरण्या बंद झाल्यावरही मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभरावर माणसांचे आवाज गोळा करून पुस्तक केलं. बॉयलर इथेही होता आणि तिथेही. एकाचा इतिहास झाला, दुसऱ्याचं शेवटचं ऐकणारंही कुणी उरलं नाही.

‘जन्मजात शरीर’ ही समजूत मात्र आगबोटींबरोबर गेली नाही. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने खास योजनेखाली सिद्दी मुलामुलींना धावण्यासाठी, उड्या मारण्यासाठी निवडलं. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडची मुलं त्यात होती. आफ्रिकी रक्त, म्हणून पदकं येतील असा विचार. पदकं आलीही. १९९३ मध्ये योजना बंद झाली आणि मुलं घरी परतली. त्या भागातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं. भट्टी असो की मैदान, शरीर कामाचं आहे तोवरच माणसाची आठवण.

आणि आज कॉम्प्युटर. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. यंत्र शिकवताना कुणाचे चेहरे समोर ठेवले होते, हा प्रश्न. गेब्रूचा जन्म अदिस अबाबाचा, म्हणजे हबशचा. भाचीला हा अभ्यास अभ्यासक्रमात होता. आगवाला नव्हता. मला दोन्ही एकाच वहीत लिहिलेले दिसतात.

तर अशा फेलोशिपचा उपयोग हा आहे. ‘आफ्रिकी डायस्पोरा’ हा शब्दप्रयोग विद्यापीठांत रुजला तो १९६५ मध्ये दार-एस-सलामला झालेल्या इतिहासकारांच्या परिषदेतल्या जॉर्ज शेपरसन यांच्या निबंधानंतर. जोसेफ हॅरिस या अमेरिकी कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९७१ मध्ये आशियातल्या आफ्रिकींवर पुस्तक लिहिलं, त्यात मुंबई आणि जंजिरा आहे. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र सुरू झालं, आज ते कलिन्याला आहे. जॅनेट इवाल्ड यांनी २००० साली समुद्रावरच्या या गुलाम, मुक्त आणि खलाशी लोकांवर मोठा निबंध लिहिला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शॉम्बर्ग सेंटरने २०१३ मध्ये भारतातल्या आफ्रिकींचं प्रदर्शन भरवलं. शॉम्बर्गमध्ये आणि हार्वर्डच्या डु बॉइस संस्थेत बाहेरच्या अभ्यासकांना बोलावून वर्षभर बसू देण्याची पद्धत जुनी आहे. बसू देणं हे महत्त्वाचं. नोकरी सांभाळून कागद चाळता येतात, जोडता येत नाहीत.

परळच्या चाळीतला एक तरुण १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेला आणि काय होऊन परतला ते आपण जाणतो. १९४६ मध्ये, दादरचं ‘राजगृह’ त्यांचं घर असताना, डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांचा प्रश्न त्यांना तिथल्या प्रश्नाशेजारी ठेवून पाहायचा होता. ती सवय शिष्यवृत्तीच्या वर्षांत लागली असावी असं मला वाटतं.

मला खुपतं ते एवढंच की या विषयावर परदेशातून अभ्यासक येतात आणि मुंबईतून कुणी बसत नाही. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. गुलामांची गलबतं, सोडवलेली माणसं, आरमाराची भरती, याचा मुंबई सरकारचा पत्रव्यवहार तिथल्या दप्तरांत आहे. त्याच्या पलीकडे ज्या जागा आहेत तिथे परदेशी अभ्यासक सहज पोचत नाही. काझींची निकाहाची जुनी दप्तरं, कबरस्तानांची रजिस्टरं, दर्ग्यांच्या मुजावरांच्या वह्या, कोकणातल्या घरांत ट्रंकेत पडलेली खलाशांची पुस्तकं. निकाहनाम्यात बापाचं नाव लागतं. ज्या माणसाला बापाच्या नावाऐवजी मालकाने रत्नाचं नाव दिलं, त्याच्या मुलीच्या निकाहात काझीने काय लिहिलं असेल? अशी शंभर पानं सापडली तरी मुंबईच्या सिद्दींचा वेगळा इतिहास लिहिता येईल. त्यातून कोण कुठल्या बोटीवर होतं, कोण कुणाचा जामीन राहिला, कुणाची पोरं पुढे कुठल्या आडनावाने आपल्यातच मिसळली, हे कळेल.

या कामाला इंग्रजी लागेल, उर्दू लागेल, मराठी लागेल आणि थोडी स्वाहिली. पहिल्या तीन आपल्या घरात बोलल्या जातात.